मोडी येते, आता अर्काइव्हमधे काम करायचंय? मग आधी थोडं ऐका

प्रश्न असा आलाय की एम.ए. इतिहास झालंय, मोडी लिपीचा वर्ग करून परीक्षाही पास झालेय, आता अर्काइव्हिस्ट (जुनी दफ्तरं सांभाळणारी व्यक्ती) व्हायचंय, तर तिथे दिवसभर नक्की काय करतात, अजून काय शिकायला लागेल, आणि सगळं स्कॅनच होणार असेल तर या कामात पुढे काही राम आहे का. मी यात सत्तावीस वर्षं काढलीत, निम्मी सरकारी दफ्तरात आणि निम्मी ट्रस्ट आणि कंपन्यांच्या संग्रहात, त्यामुळे उत्तर लांबणार.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका जुन्या वाड्यातून पेटी आली, आत सहा पुडकी, सुतळीने बांधलेली, एकेकात पत्रं, हिशोबाचे बंद (म्हणजे कागदाचे लांब ताव), पावत्या, मधेच कुणाची तरी जन्मपत्रिका असं सगळं एकत्र. मी काय केलं तर सगळी पुडकी सोडली, पत्रं तारखेप्रमाणे लावली, हिशोब वेगळे, पावत्या वेगळ्या, आणि ज्या पत्रांवर साल नव्हतं अशी त्रेचाळीस पत्रं "दिनांक नाही" अशा फाइलीत घातली. टेबल कसं छान दिसत होतं. साहेबही खूश. दोन वर्षांनी एक अभ्यासक आले, त्यांनी त्या त्रेचाळीसमधलं एक पत्र हातात घेतलं आणि विचारलं, बाई, हे कुठल्या पुडक्यात होतं? मला सांगता येईना. कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

आता हे इतकं महत्त्वाचं का, तर पेशवाईतल्या पत्रांवर बऱ्याचदा नुसतं "छ ९ रजब" एवढंच असतं. छ म्हणजे चंद्र, रजब या हिजरी महिन्याचा नववा चंद्र. साल नाही, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच होतं ना, आपण तरी व्हॉट्सॅपवर "उद्या दुपारी ये" लिहिताना साल घालतो का. ते साल आपल्याला शोधावं लागतं शेजारच्या कागदावरून, त्याच पुडक्यात त्याच प्रकरणाचा हिशोब असतो आणि हिशोबावर साल असतं. मी शेजार मोडला आणि त्रेचाळीस पत्रं कायमची पोरकी केली. कागद एकही फाटला नाही, एकही हरवला नाही, तरी नुकसान झालं ते झालंच.

तर अर्काइव्हिस्टचं काम एका ओळीत विचाराल तर मी म्हणेन, कागदाचा शेजार सांभाळणे. कुणी तयार केला, कशासाठी, कुणाकडे होता, कशाच्या खाली आणि कशाच्या वर होता. लायब्ररीत पुस्तक कुठल्याही कपाटात ठेवा, ते पुस्तक म्हणून पूर्णच असतं. दफ्तरातला सुटा कागद अर्धाच असतो. याला आमच्याकडे प्रॉव्हेनन्स (कागद कुणाकडून आला) आणि ओरिजिनल ऑर्डर (मूळ क्रम) म्हणतात. फ्रान्समधे १८४१ साली पहिल्यांदा सरकारी आदेश निघाला की एका संस्थेचे कागद दुसरीच्या कागदांत मिसळू नका, आणि १८९८ साली तिघा डच अर्काइव्हिस्टांनी शंभर नियमांचं एक पुस्तक काढलं, ज्यात कागद ज्या क्रमाने आलेत तो क्रम का मोडू नये हे नीट मांडलंय. गंमत बघा, त्याच १८९८ साली इकडे इतिहासकार वि. का. राजवाड्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापून निघाला. तिकडे क्रम सांभाळण्याचे नियम लिहिणं चाललं होतं आणि आपल्याकडे माणूस गावोगाव फिरून कागद नष्ट होण्याआधी गाठायची धडपड करत होता. दोघांचंही बरोबर होतं, आपली गरज वेगळी होती. पण आज कुणी राजवाड्यांच्या ऐटीत घराघरातून चार चार "महत्त्वाची" पत्रं निवडून घेऊन आलं तर मी त्याला चहा देईन आणि उरलेली पेटी आणायला परत पाठवीन.

पुण्याचं पेशवे दफ्तर यासाठी एकदा तरी जाऊन बघाच. साधारण ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत, रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. बाहेरच्या माणसाला वाटतं की हे सगळं शनिवारवाड्यातून उचलून आणलंय. तसं नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतलं ते काही इतिहासाच्या प्रेमापोटी नाही, कुणाला कुठली जमीन इनाम आहे आणि ती काढून घेता येईल का हे तपासायला. मग इनाम कमिशन आलं आणि त्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून, वतनदारांकडून आणखी कागद गोळा झाले. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणीसी, पागा हे भाग आहेत तसा "जमाव" नावाचाही भाग आहे, तो या गोळा केलेल्या कागदांचा. आता तुम्ही म्हणालात की "हा कागद पेशवे दफ्तरात सापडला" तर मी लगेच विचारणार, रोजकिर्दीत की जमावात? रोजकिर्दीतली नोंद म्हणजे सरकारच्या कारकुनाने त्या दिवशी केलेली नोंद, आणि जमावातला कागद हा आपला हक्क शाबीत करायला एखाद्या इनामदाराने आणून दिलेला असू शकतो. कागद तेवढाच जुना, पण साक्ष निराळी. हे कॅटलॉगमधे लिहिणं म्हणजे आमचं काम. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मधे याच दफ्तरातून निवडून ४५ भाग छापले, डोंगराएवढं काम आहे, पण निवड ती निवडच, आणि बहुतेक लोक तेवढं वाचून थांबतात. खर्चाचे आकडे, बैलांचा दाणावैरण, कारखान्यांचे हिशोब यात ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी रुमाल अजून तसेच वाट बघतायत.

आता मोडीबद्दल. मोडी येते हे उत्तमच, पण मोडी ओळखणं आणि कागद वाचणं यात अंतर आहे. वर्गात तुम्हाला स्वच्छ चिटणीसी वळण शिकवतात, आणि दफ्तरात समोर येतो तो घाईत लिहिणारा कारकून, ज्याने बोरू उचललाच नाहीये, ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्द कुठे तुटतो माहीत नाही. त्यात ही संक्षेपांची गर्दी, रा॥ म्हणजे राजश्री पण असेल आणि राहणार पण असेल, ते मागचापुढचा मजकूर बघूनच ठरतं. सालं अरबी आकड्यांत. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे शुहूर सन, मराठी दफ्तरांत चालणारी एक कालगणना, यात ५९९ मिळवले की इंग्रजी साल १७६०. पण हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मे मधली तारीख असेल तर ६०० मिळवायचे, म्हणूनच १४ जानेवारी १७६१ चं पानिपत याच ११६१ मधे पडतं. फसली वेगळं, शक वेगळा, राज्याभिषेक शक अजून वेगळा. नवीन मुलं बरोबर इथे एका वर्षाने चुकतात आणि मग ती चूक कॅटलॉगमधून पुढच्या दहा प्रबंधांत जाते. माझं ऐका, मूळ कागदावर जे आहे ते जसंच्या तसं लिहा आणि इंग्रजी तारीख चौकटी कंसात शेजारी लिहा, म्हणजे चुकलात तरी मागून येणाऱ्याला दुरुस्त करता येतं.

खोटे कागद ओळखणं हाही रोजचाच भाग. जुना कोरा कागद मिळवून त्यावर सनद लिहिणं काही अवघड नाही. शाईवरून, कागदावरून कळतं थोडंफार, पण खरं पकडलं जातं ते मायन्यात आणि शिक्क्यात. कुणाला "राजमान्य राजश्री" लिहायचं, कुणाला "अखंडितलक्ष्मीअलंकृत", कुणाला "वेदशास्त्रसंपन्न", याची रीत ठरलेली होती, आणि खोटं करणाऱ्याला ती बहुधा माहीत नसते. मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, मजकुराच्या शेवटी असतं, पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून. आणि लांब कागद असेल तर बंदाला बंद खळीने जोडलेले असतात, त्या सांध्यावर पाठीमागून शिक्का किंवा खूण असते, मधला बंद बदलला तर खूण जुळत नाही. फार साधी आणि फार पक्की युक्ती.

या सांध्यावरून एक आठवलं. एका ठिकाणी मी रुजू व्हायच्या आधी बाहेरून माणूस बोलावून दुरुस्ती करून घेतली होती. काम सफाईचं, पण त्याने सगळ्या कागदांना पाठीमागून जाड कागद चिकटवून टाकला होता, आणि त्याखाली सांध्यांचे शिक्के गाडले गेले होते. कागद मजबूत झाला, पुरावा गेला. तेव्हापासून माझा नियम आहे की परत काढता येणार नाही असं काहीही कागदाला लावायचं नाही. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, ओलं केलं की सुटून येते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात किडीसाठी, ते आपल्या कागदांना नको, तांब्याने कागद लवकर खराब होतो. सेलोटेप तर बघितला तरी माझं डोकं फिरतं. आणि लोक प्रेमापोटी आजोबांची सनद दुकानात नेऊन प्लॅस्टिक लॅमिनेशन करून आणतात आणि कौतुकाने दाखवतात, काय बोलणार.

शाईचं पण बघून घ्या. आपल्याकडची जुनी शाई बहुतेक काजळी आणि डिंकाची, ती उन्हाने उडत नाही पण पाण्याने उठते, म्हणून ओलं काम करायच्या आधी एका कोपऱ्यात थेंबभर पाणी लावून टिपकागदाने टिपून बघायचं. गोव्यात पोर्तुगीज कागद बघाल तर उलट, तिथली लोखंड आणि मायफळाची शाई कागदच खाते, काही पानं अक्षराच्या रेषेवरच फाटून जाळीसारखी झालेली असतात. गोव्याचं दफ्तर १५९५ सालचं, म्हणजे आपल्या मुंबईच्या १८२१ च्या रेकॉर्ड ऑफिसच्या सव्वादोनशे वर्षं आधीचं, आणि तिथे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवलं. १९५५ साली त्यांची त्या दफ्तराची मार्गदर्शिका छापली गेली, कुठल्या मालिकेत काय आहे हे सांगणारी. स्वतःचा शोधनिबंध लिहायचा सोडून दुसऱ्याला रस्ता दाखवणारं पुस्तक लिहायचं, याला फार मोठं मन लागतं. त्यांनी दोन्ही केलं ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे जुना कागद टिकतो, नवाच टिकत नाही. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, अडीचशे वर्षांनी पण हातात घेतला की खडखड वाजतो. विसाव्या शतकातला लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो, पापडासारखा तुटतो. आणि त्याहून वाईट म्हणजे फॅक्स. एका कंपनीच्या संग्रहात १९९० च्या दशकातली करारांची फाइल उघडली तर आत पंचवीसतीस पानं कोरी. अक्षर उडून गेलेलं. थर्मल कागद तो. तुमच्या घरी कुठली महत्त्वाची पावती तसल्या कागदावर असेल तर आत्ता उठा आणि झेरॉक्स काढा, उत्तर नंतर वाचा.

एसीबद्दल सगळे विचारतात. मी म्हणते एसी चोवीस तास चालणार असेल तर लावा. सकाळी दहाला चालू आणि सहाला बंद असा एसी मुंबईच्या पावसाळ्यात नसलेला बरा, कारण कागदाला थंड आणि गरम यापेक्षा सारखं खालीवर होणं जास्त मारतं, आणि रात्री दमटपणा वाढला की बुरशी आलीच. साधं आर्द्रता मोजायचं यंत्र घ्या, पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा, रॅक भिंतीपासून लांब, खालचा कप्पा जमिनीपासून वर, आणि महिन्यातून एकदा वाळवी आणि कसर यासाठी हातात टॉर्च घेऊन स्वतः फिरा. जेवणाचा डबा खोलीत आणायचा नाही, शिपायानेही नाही आणि डायरेक्टर साहेबांनी तर अजिबातच नाही.

यापेक्षा अवघड काम मात्र वेगळंच आहे, ते म्हणजे काय टाकायचं. हो, टाकायचं. आपल्या कचेऱ्यांत सहा गठ्ठा पद्धत आहे, त्यातला शेवटचा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचाच असतो, आणि अ, ब, क, ड वर्गात अ म्हणजे कायम आणि ड म्हणजे वर्षभरात निकाली. या कामाला सरकारी भाषेत निंदणीकरण म्हणतात, शेतातल्या निंदणीवरून, मला हा शब्द फार आवडतो, कारण निंदताना तण कुठलं आणि पीक कुठलं हे कळायलाच लागतं. आणि ते नेहमी कळत नाही. गिरण्यांचे हजेरीपट घ्या. कुणाला वाटेल की हे ठेवावेत? हजारो नावं, तिकीट नंबर, रोजची हजेरी, ढीगच्या ढीग. पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली तेव्हा १ जानेवारी १९८२ ला माणूस कामावर होता हे दाखवायची वेळ आली, आणि तिकीट नंबर, हजेरी कार्ड, लाल पास यांना सोन्याचा भाव आला. ज्यांच्या गिरणीचे कागद गेले त्यांनी काय करायचं? त्यामुळे टाकायचं तर यादी करून, सही घेऊन, का टाकलं हे लिहून टाकायचं. मी टाकलेल्या काही गोष्टींची मला आजही रुखरुख आहे, पण निदान काय टाकलं हे माझ्या यादीत आहे.

अर्काइव्हमधे येतं कोण, तर पीएच.डी. वाले कमी, भाऊबंदकीचे खटले असलेले जास्त. देवस्थान इनाम, वतन, गावाची शीव. आजोबांनी सांगितलेल्या एका नावावर माणूस एसटीने आठ तास प्रवास करून येतो आणि म्हणतो "ताई, आमचा कागद द्या". त्याला फॉर्म पुढे सरकवायचा की आधी पाणी देऊन बसवायचं आणि कुठलं गाव, कुठली तर्फ, साधारण कधीचं असं एकेक काढून घ्यायचं, हे कुठल्या डिप्लोमात शिकवत नाहीत. आणि त्याला हवं ते त्या कागदात नसेल तर तेही सरळ सांगायचं. २०२३ मधे कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा तुमच्यासारख्या मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, जिल्ह्याजिल्ह्यांत रेकॉर्ड रूम उघडल्या, गाव नमुना १४ (गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी), कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं बाहेर निघाली. चांगलंच झालं. पण तेव्हाही घोडं अडणार ते शेजारावरच. रजिस्टराचं पहिलं पान आणि पुठ्ठा गेला की आतली मोडी कितीही सुंदर वाचा, हे कुठल्या गावचं हे कसं सांगणार? गावाचं नाव बऱ्याचदा पुठ्ठ्यावरच असतं.

स्कॅनिंगचं पण हेच. स्कॅन जरूर करा, मूळ कागद कमी हाताळला जातो, लांबच्या माणसाला घरबसल्या दिसतो. पण एका संस्थेने बाहेर काम दिलं होतं, पानामागे पैसे, तर त्या मंडळींनी पाठकोरी पानं सोडून दिली, कोऱ्याचे पैसे कशाला म्हणून. ती कोरी नव्हती. पत्र हाती आलं की कारकून त्यावर "पै॥ छ" असं लिहून पोचल्याची तारीख टाकायचा, कधी डोक्यावर, कधी मागे, आणि बऱ्याचदा साल नेमकं तिथेच असतं. सगळं परत करायला लागलं. म्हणून आधी प्रत्येक पानाला नंबर, मग पाठपोट दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी, फाइलीच्या नावात रुमाल, पुडके, पान हा क्रम, मास्टर म्हणजे मूळ स्कॅन टिफ या फाइल प्रकारात, तीन प्रती आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. वर्षातून एकदा चेकसम (फाइलीवरून कॉम्प्युटरने काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघायचं की फाइल आतून बिघडली तर नाही ना. आणि एआयबद्दल विचाराल तर मशीन मोडी वाचायला लागलीच तर मला आनंदच आहे, कोट्यवधी कागद आम्ही माणसं थोडीच वाचून संपवणार आहोत. पण पुडकं सोडायच्या आधी त्याचा फोटो काढणं आणि ते कुणाच्या कपाटातून आलं हे विचारून ठेवणं, हे कुणीतरी माणसानेच करायचंय.

नोकरीचं खरं सांगते, सरकारी जागा थोड्या आणि क्वचित निघतात. दिल्लीला नॅशनल अर्काइव्हजचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, तो जमला तर कराच, दुरुस्तीचे छोटे कोर्सही तिथे असतात. सरकारीच्या बाहेर पुण्यात टाटांचं सेंट्रल अर्काइव्हज आहे, रिझर्व्ह बँकेचं आहे, मुंबईत गोदरेजचं आहे. बाकी बरंचसं काम प्रोजेक्टवर, सहा महिने, वर्षभर असं. पगार विचारू नका. इंग्रजी चांगलं लिहिता येऊ दे, एक्सेल नीट येऊ दे, फारसीची तोंडओळख करून घ्या, आणि धुळीची ॲलर्जी असेल तर आत्ताच विचार करा, मी मास्क लावायला फार उशिरा शिकले.

तोवर एक करा. कुणाच्या तरी घरातली एक पेटी मागून घ्या, नातेवाईकांचीच बघा, शंभर दोनशे कागद असतील अशी. उघडायच्या आधी फोटो. मग वरून एकेक कागद काढायचा, त्याच क्रमाने, आणि वाचायचा नाही. हे फार जड जातं, मोडी येणाऱ्याला तर जास्तच, पण नाही वाचायचा. मागच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक नंबर, वहीत एक ओळ, कशाच्या खाली होता, कशात गुंडाळला होता, टाचणी होती का. सगळे झाले की मगच पहिल्यापासून वाचायला घ्या. पेन्सिल टूबी घ्या, एचबी नको, कडक शिशाने कागदावर चर पडते आणि रबराने पण जात नाही.